फादरकडे पाप कबूल केलं की माणूस परत तेच करायला मोकळा होतो का?

तुमचा प्रश्न असाय की कॅथलिक लोक शनिवारी चर्चमध्ये जाऊन फादरला पाप सांगतात, माफी मिळते आणि सोमवारपासून परत तेच चालू, मग हा पश्चात्ताप आहे की नुसता रिचार्ज, आणि खरा पश्चात्ताप ओळखायचा कसा. रिचार्ज शब्द भारीय, मी ढापणार आहे.

मी ठाण्याचा, कॅथलिक. पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, तिसरीत असताना झालं, मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चमध्ये. त्या वयात पापं आणायची कुठून, म्हणून आम्ही पोरं रांगेतच वाटून घेतली, तू सांग आईला उलट बोललो, मी सांगतो पेन्सिल चोरली. म्हणजे माझ्या पहिल्याच कबुलीत थाप होती. पेन्सिल मी कधीच चोरली नव्हती.

तर मुद्दा. बाहेरून बघणाऱ्याला फक्त सांगणं दिसतं. पण चर्चच्या शिकवणीप्रमाणे माणसाकडून तीन गोष्टी लागतात, मनापासून दुःख आणि त्यातच परत न करण्याचा निश्चय, मग तोंडाने कबुली, आणि मग भरपाई. निश्चयच नसेल, म्हणजे मनात पुढच्या शुक्रवारचा प्लॅन तयार असेल, तर फादरने क्षमेचे शब्द उच्चारले तरी ते लागू पडत नाहीत. आणि क्षमा फादर स्वतःच्या खिशातून देत नाही, ती देवाची, तो फक्त नेमलेला माणूस (आधार बायबलमधलं योहान २०:२३). वर्षातून एकदा तरी कबुली द्यायचीच हा नियम १२१५ सालच्या लॅटरन परिषदेपासूनचा, म्हणजे चर्चच्या मोठ्या धर्मसभेपासूनचा आहे, म्हणजे बघा, लोक तेव्हाही टाळतच असणार.

माझी बायको नगरकडची, मिशनच्या चर्चमधली, प्रोटेस्टंट. तिच्याकडे रविवारी सगळे मिळून कबुलीची प्रार्थना म्हणतात, बाकीचं ज्याचं त्याने देवाशी बोलायचं. ती मला विचारते, तुला मधे दलाल कशाला लागतो? मी म्हणतो मी मार्केटमधला माणूस, दलालाशिवाय आमच्याकडे माल हलत नाही. त्यावर ती बायबलमधलं याकोब ५:१६ काढते, तिथे एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलंय, फादरजवळ असं नाही. हे भांडण लग्नापासून चालूय आणि खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

आता माझी गोष्ट, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच कळलं. सात-आठ वर्षांपूर्वी वाशीला मार्केटजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोबाला होतो. जुन्नरकडून भाजी घेऊन येणारा एक टेम्पोवाला होता, त्याच्या भाड्यातून दर फेरीला मी शंभर-दोनशे कापायचो, काटा, पावती, काहीतरी नाव द्यायचं. वर्षभर केलं. ऑफिसला पत्ता नाही, तो काही बोलला नाही, आणि मी दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला जाऊन कम्युनियन, म्हणजे तिथली पवित्र भाकर पण घेत होतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एकदा राहवेना म्हणून कन्फेशनला गेलो. आमच्या चर्चमध्ये नाही हां, तिथले फादर आवाजावरून ओळखतील म्हणून ट्रेन पकडून दुसऱ्या पॅरिशला, म्हणजे दुसऱ्या भागातल्या चर्चला. खरंतर भीतीचं कारण नव्हतं, कबुलीतलं फादर कुणालाच सांगू शकत नाही, पोलिसांना नाही, बिशपला पण नाही, सरळ फोडलं तर तो आपोआप चर्चबाहेर जातो, इतकं कडक आहे. बाहेर भेटल्यावर तो आपल्याकडेही विषय काढू शकत नाही. पण लाज ती लाज.

सगळं सांगितलं, डोळे भरले, मला वाटलं झालं आता, पाच वेळा नमो मरिया ही प्रार्थना म्हणायला सांगतील आणि सुटलो. फादर शांतपणे म्हणाले, ते पैसे कुठेत? मी म्हटलं, खर्च झाले. मग, परत कधी देणार? माझं रडू तिथेच थांबलं बघा. त्यांनी जक्कयची आठवण दिली, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला तो जकातदार, जो येशूला म्हणतो ज्याचं मी लुबाडलंय त्याला चौपट देईन. म्हणाले, तुला चौपट सांगत नाही, घेतलेस तेवढे तरी दे, आणि नाव न सांगता पाकिटातून पोचवलेस तरी चालेल. क्षमा त्यांनी तेव्हाच दिली, पण परत करायचं वचन घेऊन.

पाकीट ठेवायचा धीर झाला नाही, म्हणजे टेम्पोत कुठे ठेवणार आणि क्लिनरने उचललं तर? दोन पगार जमवून तुर्भ्याला त्याला गाठला, काका हे तुमचे, मी कापलेले, ११,४०० आहेत. त्याने मोजले. मग सीटखालून एक तेलकट डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाला, नऊशे कमी आहेत.

त्याच्याकडे फेरीनिशी लिहिलेलं होतं. माझ्या मनातलं माझं पाप आणि त्याच्या डायरीतलं माझं पाप यात नऊशेचा फरक होता. पुढच्या फेरीला ते पण दिले. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही, नंतर नोकरी सोडेपर्यंत नुसती मान हलवायचा.

म्हणून मला विचाराल तर रडण्यावरून ओळखू नका. आपला मराठी शब्दच थोडा फसवतो, पश्चात्ताप, म्हणजे मागाहून होणारा ताप. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेटानोइया, मन पालटणं, आणि जुन्या करारात हिब्रूत सरळ माघारी वळणं. बायको इथे मार्टिन ल्यूथर आणते, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट सुरू झाले तो, त्याने १५१७ ला जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा की पश्चात्ताप करा म्हणजे आख्खं आयुष्यच पश्चात्तापाचं असू दे. यावर मी वाद घालत नाही.

एक गोष्ट मला अजून छळते, यहूदा, तीस नाणी घेऊन येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य. त्याने ती नाणी परत केली, मी निर्दोष माणसाचा घात केला हे तोंडाने कबूल केलं, म्हणजे कबुली झाली, भरपाई झाली, ताप तर झालाच. पण गेला याजकांकडे, येशूकडे नाही, आणि फास लावून घेतला. दुसरा शिष्य पेत्र, त्याने येशूची ओळख तीनदा नाकारली, तो पण रडला, पण थांबून राहिला. फरक एवढाच दिसतो मला की पेत्राला वाटत होतं आपल्याला परत घेतील.

आणि परत परत तेच पाप होणाऱ्याचं काय, तर निश्चय मोडणं वेगळं आणि निश्चय नसणं वेगळं. माझा राग वीस वर्षं यादीत आहे. फादरना पाठ झाला असेल. पैशाला मात्र त्यानंतर हात लावला नाही, अजून तरी.