एकट्या इन-हाउस डिझायनरकडे सगळेच 'अर्जंट' घेऊन येतात तेव्हा

तुमची अडचण थोडक्यात अशी: एजन्सी सोडून मुंबईच्या बीकेसीतल्या कंपनीत लागलात, टीममध्ये डिझायनर तुम्ही एकटेच. सेल्स, एचआर, लीगल सगळे व्हॉट्सॲपवर काम टाकतात आणि एकेका पोस्टरचे दहा-बारा बदल होतात.

एजन्सीत क्लायंट आणि तुमच्यामध्ये सर्व्हिसिंगचा माणूस असतो. तो ब्रीफ, म्हणजे नेमकं काय हवं याचा तपशील, काढून आणतो आणि नको ते बदल तिथेच अडवतो. कंपनीत हे काम गुपचूप डिझायनरवर येऊन पडतं. म्हणून फाइल उघडण्याआधी मेलवर लेखी मागा: माप, प्रिंट की स्क्रीन, अंतिम मजकूर, तारीख आणि मंजुरी देणाऱ्या एकाच व्यक्तीचं नाव. हे नाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण बहुतेक बदल डिझाइन फसल्यामुळे होत नाहीत. तिसऱ्या फेरीत कुणी नवे साहेब पहिल्यांदाच बघतात, म्हणून होतात. लीगलला आधी नुसता मजकूर वर्डमध्ये दाखवून घ्या. डिस्क्लेमरच्या दोन ओळी उशिरा आल्या की अख्खा लेआउट हलतो.

आता मराठी. मुंबईत ते टळणार नाही आणि टाळूही नये. महाराष्ट्राच्या कायद्यात 2022 ला झालेल्या दुरुस्तीनंतर दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर देवनागरीत मराठी नाव सक्तीचं आहे आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे लोगोची मराठी आवृत्ती आत्ताच मंजूर करून ठेवा, नाहीतर शाखा उघडायच्या आदल्या दिवशी पाटीवाला त्याच्याकडचा कुठलाही फॉन्ट लावून मोकळा होतो. एकाच पॉइंट साइझला देवनागरी बहुतेक वेळा इंग्रजी कॅपिटलपेक्षा बारीक दिसते. म्हणून आकडा न जुळवता प्रत्यक्ष उंची जुळवा.

मजकूर पेस्ट केल्यावर जोडाक्षरं फुटली, वेलांटी भलत्या जागी गेली, तर फॉन्टला दोष देण्याआधी कंपोझर (सॉफ्टवेअरमधली अक्षरं जुळवणारी सेटिंग) तपासा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक ऑप्शन्स चालू करून पॅराग्राफ पॅनेलमधून साउथ एशियन कंपोझर घ्या. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला (फॉन्ट बदलला की वाचता न येणारा) मजकूर आला तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि मगच लावा.

एक चूक एचआरच्या पोस्टरवर हमखास सापडते: 'कर्मचार्यांसाठी'. हवं 'कर्मचाऱ्यांसाठी'. हिंदी कीबोर्डवर टाइप केलं की 'ऱ्य'चा रफार होऊन जातो. फाइलमध्ये 'र्य' शोधा, पण एकदम रिप्लेस करू नका. 'कार्यालय' आणि 'सूर्य' बरोबरच आहेत. फॉन्टसाठी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू खुल्या परवान्याचे आहेत, कंपनीच्या कामाला बिनधास्त वापरा. टॉरेंटवरून उतरवलेला फॉन्ट कंपनीच्या लोगोत गेला तर जबाबदारी कंपनीवर येते, हे वरिष्ठांना स्पष्ट सांगा.

प्रिंटचं बहुतेकांना माहीत असतं: 3 मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं डिझाइन), चित्रांना प्रत्यक्ष मापाला 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके). तरी दोन गोष्टी सुटतात. पीपीटीतून उचललेला काळा मजकूर आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत असतो; सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या शाईंत) तो चारही रंगांत फुटतो आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे या रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, जरा हललं की बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात. तो निव्वळ 100 टक्के ब्लॅक करा. आणि स्क्रीनवरचा गडद निळा प्रेसवर जांभळा होतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवा. वडाळा असो की लोअर परळ, प्रेसवाल्याकडून आधी प्रूफ (छापलेला नमुना) मागा आणि ज्याचं नाव मेलमध्ये आहे त्याची सही त्या प्रूफवरच घ्या, मॉनिटरवर दाखवून नको.

पीपीटी टेम्पलेट करताना लोगो आणि पट्ट्या स्लाइड मास्टरमध्येच (सगळ्या स्लाइडमागच्या मूळ साच्यात) टाका, स्लाइडवर ठेवलेलं सगळं सेल्सवाले हलवतात. मराठी मजकुराला निर्मला यूआय लावा. तो विंडोजमध्ये आधीच असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अक्षरांऐवजी चौकोन दिसत नाहीत.