फक्त चेन बदलली तर चालेल का, की स्प्रॉकेटही बदलावी लागतील?

तुमच्या खताच्या मिक्सरची चेन सैल पडून दात्यांवरून उड्या मारतेय. नुसती चेन बदलून भागेल का, असं तुम्ही विचारलंय आणि जाता जाता पुढचं १३ दात्यांचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्कर) काढून १५ चं बसवू का, असंही.

नुसती चेन बदलू नका. खरं तर इथेच थांबलो असतो, पण याच एका वाक्यावरून काकांचा आणि माझा सहा वर्षं वाद चाललाय. दर चतुर्थीला मूळ घरी जमलो की माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधता बांधता तो पुन्हा निघतो.

(मी राहतो गोव्यातल्या साखळी गावाला. साखळीचा माणूस साखळीवर लिहितोय, हा विनोद शंभरदा करून झालाय. दुकानात आम्ही चेनच म्हणतो.)

मी खाणीवर फिटर होतो. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, काही महिने घरी बसलो आणि मग लेथ घेऊन छोटं दुकान टाकलं. काकांची पोह्यांची गिरण. गोव्यात दिवाळी म्हणजे पोहे, त्यामुळे आधीचे पंधरा दिवस गिरण रात्रीसुद्धा बंद नसते. भिजवलेलं भात भाजायचा ड्रम गिअरबॉक्सवरून चेनने फिरतो. गिअरबॉक्सला १३ दाते, ड्रमला ५७, चेन १०बी नंबरची.

वसुबारसेला आठ दिवस असताना काकांचा फोन आला, चेन ठकठक करतेय, बघून जा. गेलो, चेन काढली, जमिनीवर सरळ ताणून धरली आणि वीस पिच मोजले (एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर म्हणजे एक पिच). नव्या चेनीत ते ३१७.५ मिमी भरतात, हिच्यात ३२७ भरले. म्हणजे तीन टक्के. एवढी वाढली की चेन भंगारात. चेन ताणली असं सगळे म्हणतात, पण पट्ट्या काही ताणत नाहीत. झिजतात त्या आतल्या पिना आणि त्यांच्यावरच्या नळ्या, म्हणजे बुश. एका जोडात अर्धा मिलिमीटरही नाही, पण शंभर जोडांचे मिळून पाचेक सेंटिमीटर होतात. अशी चेन दात्याच्या मुळात बसत नाही, वर चढून बसते आणि दाता खात राहते. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट पुसून बघितलं तर दाते एका अंगाने खाल्लेले, मांजराच्या नखासारखे वळलेले.

म्हटलं, चेन आणि हे लहान चक्कर, दोन्ही आणू. काका म्हणाले, "खाणीवर कंपनीचे पैसे होते रे. इथे माझे आहेत. दाते दिसतायत ना सगळे? मग?" भात घेऊन आलेली चार माणसं ऐकत उभी होती. मी गपचूप नवी चेन तेवढी बसवली. तिथेच चुकलो.

नव्या चेनीचा रोलर (दात्यांमध्ये बसतो तो गोल भाग) त्या नखात अडकतो आणि सुटताना खेचून सुटतो. दर दात्याला एक हिसका. चौथ्या रात्री जोड-लिंकचं (चेनीची दोन टोकं जोडणाऱ्या कडीचं) लॉक, म्हणजे तिची क्लिप, उडालं, चेन खाली आणि ड्रम जागच्या जागी थांबला. भट्टी पेटलेलीच. दोन गड्यांनी पहारी घालून हाताने ड्रम फिरवला, पण तोवर तळाचं भात कोळसा झालं होतं. माझ्या शर्टाचा तो वास दोन धुण्यांत गेला नाही.

काकांचं म्हणणं, "तू घट्ट ओढून बसवलीस, म्हणून तुटली." एक तर ती तुटली नव्हती, लॉक उडालं होतं. आणि घट्टही नव्हती. दोन शाफ्टांमधलं अंतर सातशे मिमी, त्याच्या दोन टक्के, म्हणजे चौदा मिमी झोळ मी स्वतः पट्टी लावून ठेवला होता.

आता तुमचं. लहान स्प्रॉकेट चेनीबरोबर बदलाच. मोठं कदाचित वाचेल, कारण त्याचा एक दाता एकदा लागतो तोवर लहानाचा चारदा लागून जातो. नुसती थाळी असेल, हब (मधला जाड उंचवटा) नसेल, तर उलटं करून बसवा, दात्याची न झिजलेली बाजू कामाला येते. १३ च्या जागी १५ खुशाल बसवा, चेन कमी धडधडेल. मात्र मिक्सर १५ टक्के जोरात फिरेल, तेव्हा भरल्या मिक्सरवर मोटरचे अँपिअर बघा. १४ नको. चेनीच्या लिंका सम असतात, दाते विषम असले की तोच दाता सारखा त्याच लिंकांना भेटत नाही आणि झीज वाटली जाते. दुकानात "अर्ध्या इंचाची द्या" एवढंच सांगू नका. ०८बी आणि ४० नंबर, दोन्हींचा पिच १२.७ मिमी, पण रोलर एकाचा ८.५१ आणि दुसऱ्याचा ७.९२. पट्टीवरचा नंबर वाचून घ्या.

आणि हो, लॉक बसवताना त्याचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं, उघडं टोक मागे. उलटं बसलं तर कशाला तरी घासून निघतं. त्या रात्री गिरणीत एकच बल्ब होता आणि काका मागे उभे राहून बोलत होते. मी बरोबरच बसवलं होतं. निदान मला तसं आठवतंय.