भाड्यासाठी कर्ज कशाला, पैसे खात्यात आहेतच

प्रश्न: हडपसरला 2 बीएचकेत भाड्याने राहतो. भाडं 22,000, डिपॉझिट 70,000. ऑगस्ट आणि सप्टेंबर 2025 चं भाडं थकलं आहे. घरमालक घर खाली करा म्हणतात. पगार हातात 58,000, वय 34. भाडं, गाडीचा हप्ता, घरखर्च आणि आईवडिलांचे पैसे जाऊन महिन्याला 2,500 उरतात. भाडं क्रेडिट कार्डाने भरू की 50,000 चं पर्सनल लोन काढू? की डिपॉझिटमधून कापून घ्या म्हणू? दिवाळीला बोनस येईल. ता.क. विम्याचा तिसरा हप्ता याच महिन्यात आहे, 1,20,000. त्यासाठी 85,000 बाजूला ठेवले आहेत. पॉलिसी ऑक्टोबर 2023 ची, ‘हमखास उत्पन्न’ योजना, 12 वर्षं हप्ते, संरक्षण 12 लाख. करार जुलैअखेर संपला, नवा व्हायचा आहे.

उत्तर: तुमचं खरं पत्र ताज्या कलमात आहे. त्या 85,000 मधले 44,000 घरमालकाचे आहेत. ते आजच त्यांच्या खात्यात पाठवा. एनईएफटी करताना शेऱ्यात ‘ऑगस्ट-सप्टेंबर भाडं’ असं लिहा. नुसते पैसे पाठवले, तर ते कुठल्या बाकीत धरायचे हे घरमालक ठरवू शकतात. रोख देऊ नका.

कर्जाचा विषय इथेच मिटला. 50,000 वर सोळा टक्क्यांनी वर्षभरात साडेचार हजार व्याज, वर हजारभर प्रोसेसिंग फी, आणि तुमचेच पैसे अडीच-तीन टक्क्यांच्या बचत खात्यात पडून. कार्डाने भाडं भरायची सोय रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 मधल्या नियमांनंतर बहुतेक ॲप्सनी बंद केली आहे, ते बरंच झालं. डिपॉझिटमधून कापा म्हणणं म्हणजे घरमालकाचं तारणच काढून घेणं. त्यांनी लेखी होकार दिल्याशिवाय थकबाकी थकबाकीच राहते.

आता करार. थकलेल्या भाड्यापेक्षा हा जास्त गंभीर मामला आहे, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे तुमच्यासारख्या भाडेकराराची, मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करून ताबा आणि दुप्पट दराने भरपाई मागू शकतात. म्हणजे महिन्याला 44,000. समन्स आलं तर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाहीतर त्यांचं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश होतो. कुलूप बदलून सामान बाहेर काढण्याचा हक्क मात्र त्यांना नाही.

पैसे गेले की लगेच हा मेसेज करा: ‘ऑगस्ट आणि सप्टेंबरचं भाडं 44,000 आज जमा केलं. उशिराबद्दल क्षमस्व. ऑक्टोबरचं 5 तारखेला देतो. हे दोन महिने जुन्याच अटींवर धरावेत आणि नवा करार या आठवड्यात करून घ्यावा, खर्च मी करतो.’ होकार लेखी घ्या. फोनवरच्या ‘बघू’ला काही अर्थ नसतो. 11 महिन्यांच्या कराराला स्टॅम्प ड्युटी सव्वासहाशेच्या आसपास, नोंदणी 1,000, वर एजंटची फी. भाडं हजाराने वाढवा म्हणाले तर घासाघीस करू नका. वर्षाला 12,000 जातील. पण घर बदलायचं तर दलाली 22,000, टेम्पो-हमाली आठ-दहा हजार आणि जुनं डिपॉझिट परत येण्याआधी नवं 70,000 भरायचं, म्हणजे लाखभर रोख लागेल. ती कुठे आहे?

ती विम्यात आहे. तुमच्या आकड्यांप्रमाणे भाडं, गाडीचा हप्ता, घरखर्च आणि आईवडिलांना पाठवायचे पैसे जाऊन महिन्याला 2,500 उरतात. विम्याला महिन्याचे 10,000 लागतात. ज्याने ही ‘हमखास उत्पन्न’ योजना गळ्यात मारली, त्याने पगाराची स्लिप पाहिली होती का? 12 वर्षं दरवर्षी सव्वा लाखाच्या घरात भरायचे आणि परतावा बहुधा पाच-सहा टक्के. संरक्षण म्हणाल तर 12 लाख. तुमच्या माघारी घरच्यांना ते दोन वर्षं पुरतील.

तिसरा हप्ता भरू नका. पॉलिसी ऑक्टोबर 2023 ची, म्हणजे 2024 चे सरेंडरचे (पॉलिसी मधेच मोडून पैसे परत घेण्याचे) सुधारित नियम येण्याआधीची. जुन्या नियमांत दोन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या 30 ते 35 टक्के हमी मिळते. 2,40,000 वर 72,000 ते 84,000. कंपनी स्वतः ठरवते ते विशेष सरेंडर मूल्य याहून जास्त असू शकतं, म्हणून कंपनीच्या शाखेतून सरेंडर आणि पेड-अप असे दोन्ही आकडे लेखी घ्या. पेड-अप केलं तर पुढचे हप्ते थांबतात, पण भरलेले पैसे वर्षानुवर्षं अडकतात. तुमच्याकडे आणीबाणीसाठी एक रुपया नाही, तेव्हा सरेंडरच. साधारण एक लाख साठ हजारांचा फटका बसेल आणि तो झोंबेल. तो टाळायला आणखी 12 लाख भरायचे हा मात्र हिशोब नव्हे. एजंट ‘पॉलिसीवर कर्ज काढून हप्ता भरा’ म्हणेल. त्याचं कमिशन हप्त्यावर असतं.

सरेंडरआधी एक कोटीचा टर्म प्लॅन (परतावा नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) हातात येऊ द्या, तोवर जुना मोडू नका. निरोगी, निर्व्यसनी चौतिशीला वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. भाडं दिल्यावर उरलेले 41,000 आणि सरेंडरचे अंदाजे 80,000 मिळून पाचेक महिन्यांचं भाडं होतं. ते वेगळ्या खात्यात ठेवा, मुदत ठेव चालेल, शेअर बाजार नको. बोनस हातात येईपर्यंत हिशोबात धरू नका.

आणि विम्याच्या हप्त्यासाठी बँकेला दिलेली ऑटो डेबिटची परवानगी आजच रद्द करा. खात्यात पुरेसे पैसे नसताना कंपनीने 1,20,000 मागितले, तर हप्ता परत गेल्याचा (बाउन्स) दंडही तुमच्याच खात्यातून जाईल.