गिझर लावला की नळाला झिणझिण्या येतात

प्रश्न: सांगलीला आमचं आजोबांनी बांधलेलं घर आहे, १९७४ सालचं. वायरिंग अजून तेच, लाकडी पट्टीवरचं, मेनबोर्डावर चिनीमातीचे फ्यूज. मध्ये बाथरूममध्ये गिझर बसवला आणि गेल्या वर्षी अंगणातली गंजलेली लोखंडी पाइपलाइन काढून प्लॅस्टिकची टाकली. आता गिझर चालू असला की नळाला झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाका, झालं काम. वडील म्हणतात इतकी वर्षं काही झालं नाही, उगाच भिंती फोडू नका. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर: आधी गिझर बंद करा आणि त्याची पिनही काढून ठेवा. नुसत्या बटणावर जाऊ नका, जुन्या बोर्डात बटण फेजऐवजी (करंट आणणारी तार) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी तार) बसवलेलं सर्रास सापडतं, मग बटण बंद असलं तरी गिझरपर्यंत करंट असतोच.

आता ती पाइपलाइन. जुन्या घरांत अर्थिंगचा वेगळा खड्डा बरेचदा नसायचाच, अर्थची तार सरळ पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळून द्यायचे, पाइप जमिनीत गेलेला म्हणजे अर्थिंग झालं. तुमच्याकडेही तसंच असेल तर प्लॅस्टिक टाकलं त्या दिवशीच घराचं अर्थिंग गेलं आणि प्लंबरला काय, कुणालाच कळलं नाही. गिझरची कॉइल लीक असेल तर तो करंट आधी जमिनीत जायचा, आता नळात उतरतोय. मला तरी हाच प्रकार वाटतो, पण इथे बसून केलेल्या अंदाजावर राहू नका.

तुमचा वायरमन खोटं बोलत नाहीये, अर्धंच बोलतोय. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. १६ अँपची एमसीबी १६ अँपच्या बऱ्यापैकी वर लोड गेला की उडणार, आणि माणसाचा जीव जायला ५०-१०० मिलिअँपही पुरतात, तेवढ्याचा तिला पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते, म्हणजे थोडा करंट जरी बाहेर गळला तरी लगेच सप्लाय तोडणारा स्विच, आणि ती ३० मिलिअँपचीच घ्या, दुकानात १०० आणि ३०० च्याही मिळतात, त्या शॉकसाठी नाहीत. पण आरसीसीबी आली म्हणून अर्थिंग नको असं नाही हां, अंगणात खड्डा घेऊन नीट अर्थिंग करायचंच.

तपासणी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि फोनवरच विचारा, मेगर (वायरचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र) आणणार का? टेस्टर लावून दिवा पेटला, सगळं ओके, ही तपासणी नव्हे. मेन बंद करून, बल्ब-उपकरणं काढून मेगरने ५०० व्होल्ट देऊन वायरचं इन्सुलेशन बघतात, निदान १ मेगाओम तरी यायला हवं. गिझर वेगळा मेगर करायला सांगा. मेन बंद आहे तोवर गिझरचा बोर्ड उघडायला लावून मागची वायर स्वतः बघा, जुनं रबर कडक होतं, जरा वाकवलं की तुकडे पडतात आणि आत तांबं काळं पडलेलं दिसतं.

वडिलांना सांगा, तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे आणि रेडिओ होता. २ किलोवॅटचा गिझर एकटाच ९ अँपच्या आसपास खेचतो, त्याला मेनपासून स्वतंत्र २.५ किंवा ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन हवी. आणि भिंती फोडायची गरजच नाही, पीव्हीसी केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे भिंतीवर ठोकायच्या झाकणाच्या पट्टीतून, वरूनच वायरिंग होतं. आधी बाथरूम आणि स्वयंपाकघर करा, बाकीच्या खोल्या मेगरच्या रीडिंगवर ठरवा.

एक मात्र होऊ शकतं. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवली की ती बरेचदा सारखी उडते, कुठेतरी खरंच लीकेज असतं नाहीतर दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र जोडलेले असतात. अशा वेळी "पीस खराब आलाय, डायरेक्ट करून देतो" म्हणणारा वायरमन भेटतोच. त्याला चहा पाजा, आरसीसीबी टाळून डायरेक्ट मात्र करू देऊ नका, दोष शोधायला लावा.