थायरॉईडच्या पेशी नेमक्या कशामुळे मरतात?

प्रश्न : माझे वय ३४ आहे. थकवा आणि वाढते वजन यांसाठी केलेल्या तपासणीत टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) ९.२ आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडमधील टीपीओ विकराविरुद्धच्या अँटीबॉडी) ६०० पेक्षा जास्त आले. हाशिमोटो थायरॉयडायटिस असे निदान करून डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू केली. सहा महिन्यांनी टीएसएच २.४ झाला, पण अँटी-टीपीओ तेवढाच आहे. म्हणजे या अँटीबॉडी अजूनही माझी ग्रंथी मारत आहेत का? त्या कमी करण्याचे औषध का देत नाहीत? आयोडीनयुक्त मीठ बंद करावे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : रक्तात सापडणाऱ्या अँटीबॉडीच ग्रंथीचा नाश करतात, असा समज फार रूढ आहे. त्याला इतिहासही आहे. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेने काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्या लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेल्या दिसल्या. मात्र त्याचे कारण त्या वेळी कळले नाही. १९५६ मध्ये लंडनमधील रॉइट, डोनिअक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन या थायरॉईडमधील प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी आढळल्या, आणि शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते हे स्पष्ट झाले. तेव्हापासून सर्वांचे लक्ष अँटीबॉडींवर खिळले. परंतु आईच्या रक्तातील अँटी-टीपीओ नाळेतून गर्भात पोहोचतात आणि तरीही बाळाची ग्रंथी सहसा व्यवस्थित काम करते. केवळ या अँटीबॉडींमुळे ग्रंथी नष्ट होत असती, तर असे घडले नसते.

नाशाचे मुख्य काम ग्रंथीत शिरलेल्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) आणि त्यांनी पेटवलेला दाह करतात. मारक टी पेशी थायरॉईडच्या पेशीला चिकटून परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला छिद्रे पाडतात आणि त्यांतून ग्रँझाइम नावाची विकरे आत सोडतात. त्याने पेशीतील कॅस्पेस ही विकरे जागी होतात आणि पेशी स्वतःलाच मोडून टाकते. दुसरा मार्ग फास या ग्राहीचा, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील संदेश घेणाऱ्या रेणूचा आहे. दाहाच्या जागी स्रवणारी इंटरल्यूकिन-१ बीटा आणि गॅमा इंटरफेरॉन ही रसायने थायरॉईडच्या पेशींना पृष्ठभागावर फास ग्राही अधिक प्रमाणात मांडायला लावतात, आणि त्याला जुळणारा रेणू येऊन चिकटला की मृत्यूचा तोच क्रम सुरू होतो. १९९७ मध्ये इटलीतील संशोधकांनी असे मांडले की हा जुळणारा रेणूही थायरॉईडच्या पेशीच तयार करतात आणि त्यामुळे त्या एकमेकींना मारतात. हा विचार विलक्षण होता, पण इतर संशोधकांनी त्यावर शंका घेतली आणि तो मतभेद मिटलेला नाही.

अशा आत्मविघटनाला ॲपॉप्टोसिस म्हणतात. १९७२ मध्ये कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. निरोगी शरीरात रोज अब्जावधी पेशी अशा मरतात. त्यांचे तुकडे आवरणात बांधलेले राहतात, शेजारच्या भक्षक पेशी ते गिळतात आणि दाह होत नाही. हाशिमोटोच्या आजारात मरणाऱ्या पेशींचा निचरा अपुरा पडत असावा. शिवाय पायरॉप्टोसिस या वेगळ्या प्रकारच्या मृत्यूचे पुरावेही अलीकडे पुढे येत आहेत : त्यात गॅसडर्मिन प्रथिनाने आवरणाला छिद्रे पडतात, पेशी फुगून फुटते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. हा ऐवज आणखी रोगप्रतिकारक पेशींना बोलावतो, त्या आणखी पेशी मारतात, आणि एरवी पेशीच्या आत किंवा संप्रेरक साठवणाऱ्या पोकळीच्या बाजूला असणारे टीपीओ विकर रोगप्रतिकारक यंत्रणेपुढे उघडे पडते. त्यामुळे अँटी-टीपीओ पुष्कळ अंशी या घडामोडीची रक्तात उमटणारी खूण आहे. तिचा नाशात काहीच वाटा नाही असे मी म्हणणार नाही, पण तो दुय्यम आहे. थायरॉईड अतिसक्रिय होणाऱ्या ग्रेव्हज आजारात मात्र टीएसएच ग्राहीविरुद्धची अँटीबॉडी स्वतःच रोग घडवते : ती पेशींना मारत नाही, उलट सतत उत्तेजित करते.

काही रुग्णांना सुरुवातीला धडधड, घाम आणि कंप होतो, तोही या पेशीमृत्यूमुळेच. ग्रंथीत दोन ते तीन महिने पुरेल एवढे संप्रेरक साठवलेले असते. पेशी फुटल्या की ते एकदम रक्तात येते, आणि साठा संपल्यावर कमतरता जाणवू लागते.

आता उपचाराविषयी. आपली गोळी दाह थांबवत नाही, कमी पडणारे संप्रेरक पुरवते, आणि म्हणून टीएसएच सुधारूनही अँटीबॉडी तशाच राहिल्या. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सगळ्या शरीराला जंतुसंसर्गाच्या धोक्यात टाकतात. जी उणीव एका गोळीने भरून निघते तिच्यासाठी हा धोका पत्करणे योग्य नाही, असे माझे ठाम मत आहे. अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा तपासून पैसे खर्च करू नयेत. निदानासाठी एकदा केलेली चाचणी पुरेशी आहे. सेलेनियमने काही अभ्यासांत अँटीबॉडी घटल्या, पण त्यामुळे ग्रंथी वाचते असे सिद्ध झालेले नाही.

मीठ बंद करू नये. आयोडीनचा अतिरेक या आजाराला चालना देऊ शकतो हे खरे आहे, परंतु तो अतिरेक समुद्री शेवाळाच्या गोळ्यांसारख्या पूरक पदार्थांतून होतो. स्वयंपाकात नेहमीच्या प्रमाणात वापरलेले आयोडीनयुक्त मीठ प्रौढ व्यक्तीची दिवसाची सुमारे १५० मायक्रोग्रॅमची गरज भागवते.

प्रश्न : माझा टीएसएच सामान्य आहे, पण अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आले. मला गोळी लागेल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : आज लागणार नाही. इंग्लंडमधील व्हिकम येथील रहिवाशांच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यात, केवळ अँटीबॉडी असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे २ टक्के स्त्रियांना, तर टीएसएचही वाढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४ टक्के स्त्रियांना थायरॉईडची कमतरता झाली. आपण वर्षातून एकदा टीएसएच तपासावा. गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण त्या काळात संप्रेरकाची गरज वाढते आणि गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावा लागतो.