रिटर्नर व्हायचंय, मग मैदानावर मुख्य जागा कोणती?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं एडिसनहून आलेलं पत्र मिळालं. मुलगा दहावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनियर व्हर्सिटी (म्हणजे दुय्यम) संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबचे पास झेलणारा गडी, म्हणून खेळतो. कोच त्याला पंट रिटर्न करायला, म्हणजे समोरच्या संघाने हातातून सोडून उंच मारलेला चेंडू झेलून उलट पळायला सांगतायत. मित्र म्हणतात, रिटर्नर व्हायचं तर रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा गडी) हो. त्यामुळे त्याला जागाच बदलायची आहे, आणि त्याच्या बाबांना दुखापतीची धास्ती आहे.

त्याला रिसीव्हरच राहू द्या, असं मी अगदी स्पष्ट सांगेन.

मित्रांचं म्हणणं किकऑफपुरतं, म्हणजे खेळ सुरू करताना जमिनीवरून मारलेल्या चेंडूपुरतं, बरोबर आहे. किकऑफचा चेंडू झेलणाऱ्याला समोर मोकळं मैदान मिळतं. चार पावलांत वेग पकडायचा, फट दिसली की सरळ घुसायचं. हे रनिंग बॅकच्या अंगवळणी पडलेलं असतं. नावाजलेला खेळाडू गेल सेयर्स रनिंग बॅकच होता आणि त्याची किकऑफ रिटर्नची सरासरी 30 यार्डांच्या वर होती. पण न्यू जर्सीत हायस्कूलच्या नियमांनुसार किकऑफचा चेंडू गोलरेषेपार गेला की खेळ तिथेच थांबतो. त्यामुळे समोरच्या किकरचा पाय दणकट असेल, तर रिटर्न करायची वेळच येत नाही.

पंटचं तसं नाही. चेंडू चार सेकंद वर असतो. रिटर्नरची नजर आभाळात, आणि समोरचे गडी सुसाट अंगावर येत असतात. चेंडूचं टोक खाली वळलं तर तो वाटतो त्याहून लांब जातो, टोक वरच राहिलं तर अलीकडे पडतो. डावखुऱ्या पंटरचा चेंडू उलटा फिरतो. हे सगळं ओळखून चेंडूखाली जायचं, कोपरं जवळ घेऊन तो छातीशी धरायचा आणि पहिलंच पाऊल बाजूला टाकायचं. हवेतला चेंडू जोखायची सवय रिसीव्हरला आणि त्याला अडवणाऱ्या बचावातल्या कॉर्नरबॅकला रोजच्या सरावातून होते, म्हणून पंटसाठी कोच आधी यांच्याकडे बघतात. तुमचा लेक वडिलांबरोबर क्रिकेट खेळतो, सीमारेषेवर उंच झेल घेतो, असं तुम्ही लिहिलंय. कोचना त्याच्यात बहुधा तेच दिसलं असावं.

तरी जागेचं नाव म्हणजे सर्वस्व नाही. डेव्हिन हेस्टरला 2006 मध्ये शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने कॉर्नरबॅक म्हणून घेतलं, पुढच्याच वर्षी रिसीव्हर केलं. पंट रिटर्न करताना 14 टचडाउन (चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेणं) करून 2024 मध्ये तो या खेळातल्या थोरांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेला. ब्रायन मिचेल आणि जॉश क्रिब्स हे नामांकित रिटर्नर तर कॉलेजात क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारे, होते!

बाबांची काळजी मात्र मनावर घ्या. एनएफएल या व्यावसायिक लीगनेही 2024 मध्ये किकऑफची रचना बदलली, त्यामागे जोराच्या धडका कमी करणं हा एक हेतू होता. पंटमध्ये फेअर कॅचची सोय आहे: हात डोक्यावर उंच करून हलवला की झेल घेताना कुणी अंगावर येऊ शकत नाही. तुमच्या मुलाने आधी हे शिकावं. हात कधी वर करायचा, आणि आपल्या 10 यार्ड रेषेच्या (आपल्या गोलरेषेपासून दहा यार्डांवरच्या रेषेच्या) मागे जाणारा चेंडू कधी सोडून द्यायचा, हे ज्याला कळतं त्याच्यावर कोच विश्वास टाकतात. हातून निसटलेला एक पंट समोरच्यांनी ताब्यात घेतला, की आठवडाभराची मेहनत पाण्यात.

आता कॉलेजचं. निव्वळ रिटर्नर म्हणून स्कॉलरशिप मिळणं फार दुर्मिळ. मुलगा निवडला जातो तो रिसीव्हर किंवा कॉर्नरबॅक म्हणून. रिटर्न येत असेल तर त्याचं पारडं जड होतं, इतकंच. कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरात (डिव्हिजन थ्री) आणि आयव्ही लीगच्या विद्यापीठांत खेळाची स्कॉलरशिप मिळतच नाही. सर्वांत वरच्या डिव्हिजन वनसाठी 16 कोर (मुख्य) विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो. हे विषय नववीपासून मोजले जातात, म्हणून याच आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरकडून त्याची यादी तपासून घ्या.

कोचना एक विनंती करा: सराव संपल्यावर रोज वीस पंट, त्यांतले निम्मे समोरून कुणीतरी धावत येत असताना. महिनाभराने त्यातले किती हातात राहिले ते मला कळवा, मग व्हर्सिटीचं, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाचं, बोलू.