रजिस्टरात शून्य दिसलं की मला धडकी भरते

पोरा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, दोनदा वाचला. तुझ्या फाउंड्रीतलं, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातलं, रिजेक्शन (नापास माल) साडेसहा टक्क्यांवरून तीन महिन्यांत दीडवर आणलं म्हणतोस, मालक खूश, गेटवर ‘क्वालिटी इज अवर कल्चर’चा बोर्ड लागलाय, आता पुढं काय करू विचारतोस. शाब्बास म्हणणारच होतो, पण हात थांबला. साच्यांची वाळू बनवणारा सँड प्लांट तोच, साचे पाडायचे पॅटर्न तेच, माणसं तीच, आणि आकडा एवढा खाली? पहिल्याच महिन्यात तू रिजेक्शनवर इन्सेंटिव्ह कापायचा नियम केलास ना? मग लोकं सुधारली नसतील, लपवायला शिकली असतील. राग मानू नकोस, मी पण हेच करून बसलोय.

फाउंड्रीत लपवणं लई सोपं रे. मशीन शॉपात बिघडलेला जॉब निदान भंगारात पडून तरी राहतो, येता-जाता डोळ्याला दिसतो. आपल्याकडं ब्लो होल, म्हणजे गॅसचं भोक, पडलेलं कास्टिंग (ओतलेला जॉब) रनर-रायझरच्या, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटांत गोठलेल्या तुकड्यांच्या, ढिगात ढकललं की दुसऱ्या दिवशी भट्टीत, पुरावाच वितळून जातो. म्हणून आठवडाभर रजिस्टर बाजूला ठेव आणि वजनं मांड. मेटल किती ओतलं, चांगला माल किती निघाला, रिटर्न म्हणून भट्टीत घालायला परत किती आलं. एका साच्याचं रनर-रायझर किती किलोचं ते तुला पाठच असणार, त्याच्या वर जेवढं रिटर्न निघेल त्यातलं बरंचसं तुझं न लिहिलेलं रिजेक्शन. काटा खोटं बोलत नाही, त्याला इन्सेंटिव्ह नसतो.

तसंच सँडचं. एका ठिकाणी ऑडिटला गेलतो, जुलै महिना, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, आणि रजिस्टरात सँडमधलं मॉइश्चर दिवसभर 3.4, 3.4, 3.4 टक्के. एकच पेन, एकच अक्षर, सगळ्या ओळी शिफ्ट संपताना एका दमात भरलेल्या. मी त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, साहेब जास्त लिहिलं की बोलणी खावी लागतात आणि प्लांट तर कोण बंद करत नाही, मग कशाला लिहू. आता यात चूक त्या पोराची आहे का सांग.

माझी गोष्ट सांगतो, कुठं नोकरीला होतो ते विचारू नकोस. एसजी आयर्नची, म्हणजे गोल ग्रॅफाइटवाल्या बिडाची, हीट (भट्टीतला एक घाणा) होती. तुला माहीतच आहे, मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की साधारण दहा मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं, नाहीतर मॅग्नेशियम उतरतं, ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि कास्टिंग दिसायला चांगलं पण ताकदीला कच्चं निघतं. त्या दिवशी क्रेन मध्येच अडकली. ओतणारा गडी, पन्नाशीचा माणूस, स्वतःहून माझ्याकडं आला आणि म्हणाला, साहेब शेवटचे चार साचे उशिरा भरलेत, खूण करून ठेवलीय, बाजूला काढूया का? महिनाअखेर होती, गेटवर गाडी उभी, मी चार लोकांसमोर त्याच्यावर खेकसलो, तुला लई कळतंय, तू ओतायचं काम कर.

आठ दिवसांनी चाकणला कस्टमरच्या गोडाऊनमध्ये मी आणि दोन पोरं माल सॉर्ट करत बसलो होतो, दोन दिवस आणि एक रात्र. एकेक पीस लटकवून हातोडी मारायची, चांगला असला तर घंटेसारखा टण्ण वाजतो, फसलेला असला तर बद्द आवाज, शंका आली की अल्ट्रासॉनिकला. डेबिट नोट आली ती आली, पैसे भरून निघाले. पण तो माणूस त्यानंतर चार वर्षं माझ्या हाताखाली होता, रोज नमस्कार करायचा, चहा घ्यायचा, आणि एकदाही काही सांगायला आला नाही. ते नुकसान कुठल्या डेबिट नोटेत लिहिणार?

तो डेमिंग, क्वालिटीचा अमेरिकन गुरू, 1950 ला जपानमध्ये जाऊन तिथल्या इंजिनियरांना आणि वरच्या साहेब लोकांना शिकवून आला, त्याच्या चौदा मुद्द्यांत आठवा मुद्दा आहे, माणसांच्या मनातली भीती घालवा. कॉलेजात पाठ केला होता, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. कळला चाकणला.

तुमच्याकडं आयएटीएफ 16949, ते गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचं क्वालिटी स्टँडर्ड, आहे ना, त्याची फाईल काढ. क्लॉज 5.3.2 मध्ये सरळ लिहिलंय, मालाच्या क्वालिटीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला डिस्पॅच आणि प्रॉडक्शन थांबवायचा अधिकार पाहिजे. ऑडिटरला दाखवायला तुमच्याकडं तसं पत्र पण असेल, सहीशिक्क्यासकट. आता सांग, तुझ्या नाईट शिफ्टच्या इन्स्पेक्टरनं आजवर किती वेळा गाडी थांबवली? एकदाही नाही ना. आणि आयएसओ 9001 या क्वालिटीच्या सर्वसाधारण स्टँडर्डनं 2015 च्या आवृत्तीत मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (एमआर) नेमायची सक्तीच काढून टाकली, म्हणजे क्वालिटी ही त्या एका एमआरची डोकेदुखी म्हणून मालकांनी हात झटकायची सोय गेली. आपल्याकडं पद गेलं, सवय नाही गेली, ते सोड.

अधिकार म्हणजे काय ते बघायचं असेल तर हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जा. गुळव्या काहिलीजवळ उभा असतो, उकळत्या पाकातला थेंब पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळून बघतो, आणि ‘उतरा’ म्हणाला की सगळे धावतात. मालक तिथंच खाटेवर बसलेला असला तरी म्हणत नाही की जरा थांब, टेम्पो यायचाय. गुळव्याचा शब्द मोडला तर अख्खी काहील वाया जाणार हे त्याला स्वतःला माहीत असतं. तुझ्या कंपनीत गुळव्या कोण आहे?

तर आधी मालकाकडं जा. इन्सेंटिव्हचा नियम मागं घेतोय, आणि पुढचे दोन महिने आकडा चढणार आहे, पाच-सहावर जाईल, हे आत्ताच त्यांच्या कानावर घाल, नाहीतर चढल्यावर तुलाच झापतील आणि सगळं परत पहिल्या जागी. चिडतील, चिडू देत. मग नापास माल ठेवायची लाल पेटी कुलपातनं काढून शॉपच्या मधोमध ठेव आणि सकाळची मीटिंग केबिनमध्ये न घेता तिथं उभ्यानं घे, दहा मिनिटं, हातात कास्टिंग घेऊन. ‘कुणी केलं’ हा शब्द तोंडातनं काढायचा नाही. कुठली हीट, किती वाजता, तेव्हा सँड कशी होती, एवढंच विचारायचं. सुरुवातीला सगळे गप्प उभे राहतील, बूट बघत. तू पण गप्प राहा.

आणि पहिल्यांदा कुणी गाडी थांबवली ना, त्या दिवशी तू कसा वागतोस तेच सगळे बघणार आहेत. समजा त्यानं थांबवली आणि नंतर माल चांगला निघाला, फुकट दोन तास गेले, तरीसुद्धा सगळ्यांसमोर त्याला बरं केलंस म्हण. इथंच आपल्यासारख्यांचं तोंड वाकडं होतं.

कंट्रोल चार्ट, फाईव्ह व्हाय, एट डी असली क्वालिटीची तंत्रं नंतर बोलू, ती तुला माझ्यापेक्षा चांगली येतात आणि खरे आकडे नसतील तर त्या चार्टचा उपयोग भिंत झाकायलाच.

पुढच्या शनिवारी मी तुमच्याकडं शिरोलीला यायचोय. वजनाचा कागद तयार ठेव, आणि फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग साफ करायच्या खात्यात, हातोडी वाजवून माल ओळखणारा कुणी जुना माणूस असेल तर त्याची गाठ घालून दे. मिसळ तुझ्याकडनं.

तुझा,
काका